कारफूर गेलं, मेट्रो गेलं, बर्गरवाला मात्र राहिला. असं का?

भांडुपचा_वाणी

परवा बाबांचं कपाट आवरताना मेट्रोचं जुनं कार्ड सापडलं. फोटो चिकटवलेलं, कडा झिजलेलं. भांडुपला मेट्रो या जर्मन कंपनीचं घाऊक दुकान आलं तेव्हा आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या किराणावाल्यांनी ते कार्ड काढलं होतं. दुकानाचा परवाना दाखवल्याशिवाय मिळायचं नाही, त्यामुळे सोसायटीत बाबांचा भाव एकदम वधारला. "काका, रविवारी जरा कार्ड द्या ना" म्हणत लोक घरी यायचे.

आता तो धंदा रिलायन्सकडे आहे. डिसेंबर २०२२ मध्ये २,८५० कोटींना सौदा जाहीर झाला, पुढच्या वर्षी पुरा झाला. २००३ मध्ये बेंगळुरूपासून सुरुवात करून ३१ दुकानं उभी केली आणि जर्मन मंडळी घरी गेली.

फ्रान्सचं कारफूर तर त्याहून लवकर. २०१० संपता संपता दिल्लीत सीलमपूरला पहिलं घाऊक दुकान, २०१४ मध्ये पाचही दुकानांना कुलूप. अमेरिकेच्या वॉलमार्टनं २००७ मध्ये भारती समूहाशी सोयरीक केली, २००९ ला अमृतसरला पहिलं दुकान काढलं आणि २०१३ मध्ये काडीमोड.

याउलट मॅकडोनाल्ड्स. ऑक्टोबर १९९६ मध्ये दिल्लीत वसंत विहारला आणि इकडे वांद्र्याला लिंकिंग रोडवर आलं, ते आजही आहे. दोन्ही परके, दोन्ही खाण्याच्याच धंद्यातले. दोघं आले तेव्हा बाजार नुकताच उघडत होता. मग एकाला जमलं आणि दुसऱ्याला का नाही?

बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "त्यांना उधारी देता येत नव्हती." आणि पेपरात डोकं घातलं. मला एवढ्यानं समाधान होईना म्हणून इथे विचारतोय. या धंद्यात काम केलेलं कोणी आहे का?

साधी_मिसळ

बाबांचं बरोबर आहे. धागा बंद करा. :)

कायद्याचं_बोला

तुलनाच मुळात चुकली आहे. बर्गरवाला हे उपाहारगृह, त्याला गिऱ्हाइकाच्या हातात माल द्यायला कोणी अडवलं नव्हतं. किराणा विकणाऱ्या परकीयांना मात्र कित्येक वर्षं फक्त घाऊक धंदा करायची मुभा होती. १९९७ पासून सरकारची परवानगी घेऊन, २००६ पासून परवानगीशिवाय. म्हणून तर तुमच्या बाबांना ते कार्ड लागायचं. सामान्य माणसाला साबणाची एक वडीसुद्धा विकायची सोय नव्हती.

किरकोळ विक्रीत ५१ टक्के परकी गुंतवणुकीचा निर्णय नोव्हेंबर २०११ मध्ये झाला, संसदेत गदारोळ झाला आणि डिसेंबरात तो थांबवला. सप्टेंबर २०१२ मध्ये परत आणला. ममताबाईंनी पाठिंबा काढला, २० सप्टेंबरला भारत बंद झाला. आणि अटी बघा: किमान १० कोटी डॉलर आणा, त्यातले निम्मे गोदामं, शीतगृहं असल्या मागच्या कामांत घाला, ३० टक्के खरेदी लहान उद्योगांकडून करा, दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहरांतच दुकान काढा. त्यावर प्रत्येक राज्यानं हो म्हणायला हवं. महाराष्ट्रानं म्हटलं, दिल्ली आणि राजस्थाननं आधी हो म्हटलं, मग सरकार बदलल्यावर नाही.

या सगळ्यातून एकटी ब्रिटनची टेस्को आली. २०१४ मध्ये टाटांच्या ट्रेंटबरोबर निम्म्या भागीदारीत, स्टार बाजारमध्ये. बाकी कोणी फिरकलं नाही. मैदानात उतरूच दिलं नाही आणि वर हरला म्हणायचं, हे काही खरं नाही.

भांडुपचा_वाणी

@कायद्याचं_बोला, कारफूर आणि वॉलमार्टच्या बाबतीत मान्य. त्यांना दुकानात बाईमाणसं, पोरंबाळं हवी होती आणि घाऊक हा नाइलाज होता. पण मेट्रोचा जगभर मुख्य धंदाच घाऊक. त्यांना जे करायचं होतं ते कायद्यानं पहिल्यापासून करता येत होतं. तरी गेले. त्याचं काय?

फोडणीची_पोळी

मला १९९४-९५ चं केलॉग्ज आठवतं. आमच्याकडे बाबा मोठ्या कौतुकानं डबा घेऊन आले. आईनं दूध उकळून, साखर घालून, गरमागरम ओतलं. दोन मिनिटांत लापशी. आजी म्हणाली, "एवढे पैसे देऊन पोह्यांचा चिखल कशाला आणलास?" पुढे वाचलं की घरोघरी हेच झालं होतं. सकाळी गार दूध पिणारी माणसं इथे आहेत असं ते धरूनच चालले होते.

(विषयाशी थेट संबंध नाही, पण आजीचं वाक्य वाया जाऊ नये म्हणून.)

साधी_मिसळ

पोह्यांचा चिखल! आजींना दंडवत.

शीतगृह

इथे मला थोडं बोलता येईल. २००० च्या आसपास मी तळोज्याच्या बाजूला शीतसाखळीच्या कामात होतो. कंपनीचं नाव राहू दे.

लिंकिंग रोडचं दुकान १९९६ मध्ये दिसलं, पण काम त्याच्या सहाएक वर्षं आधी सुरू झालं होतं. लोकांना दुकान दिसतं, मागचं दिसत नाही. चीजच्या चकत्या बारामतीच्या डायनामिक्स डेअरीतून. पॅटी तळोज्याच्या व्हिस्टातून. आणि लेट्यूस, म्हणजे पावाच्या मधलं ते कुरकुरीत पान, तळेगावच्या त्रिकायाकडून.

पानाचं उदाहरण घ्या. आइसबर्ग लेट्यूस आपल्याकडे पूर्वी हिवाळ्यातच थोडंफार व्हायचं आणि पंचतारांकित हॉटेलांत जायचं. बर्गरवाल्याला ते जूनमध्येही हवं. म्हणजे बियाणं बदला, शेडमध्ये घ्या, पाऊस आला की दुसऱ्या हवेच्या जागी घ्या. कापलं की त्याच्यात शेतातली ऊब असते, ती आधी काढावी लागते. तासाभरात थंड खोलीत गेलं नाही तर पान बाहेरून चांगलं दिसतं आणि दोन दिवसांत कडेनं तांबूस पडतं. तिथून थंड गाडीत, एक ते चार अंशांत, थेट दुकानाच्या मागच्या दारापर्यंत.

आमच्याकडे एक ड्रायव्हर होता, बोरघाट उतरताना डिझेल वाचवायला कूलिंग बंद करायचा. खाली आल्यावर चालू. त्याला वाटायचं कोणाला कळणार? गाडीत तापमान नोंदणारं यंत्र होतं. आलेख काढला की रोज त्याच वेळी टेकाड. बरेच दिवस आम्ही यंत्र बिघडलंय असं समजत होतो.

तर माझं उत्तर असं की बर्गरला मोजून दहा-बारा जिन्नस लागतात. पाव, पान, चीज, बटाटा, सॉस. प्रत्येकामागे एकेक माणूस उभा करून, पाच-सहा वर्षं शिकवून ती साखळी नव्यानं बांधता येते. किराणा दुकानात हजारो जिन्नस. हजारो साखळ्या कोणाच्या बापाला बांधता येत नाहीत. तिथे तुम्हाला आहे तोच बाजार वापरावा लागतो, आणि आहे तो बाजार आधीच कोणाचा तरी असतो.

कायद्याचं_बोला

@शीतगृह, हे मात्र पटलं. आणि "आधीच कोणाचा तरी असतो" याला आपल्याकडे नाव आहे: बाजार समिती. १९६३ चा कायदा. भाजी थेट शेतकऱ्याकडून घ्यायची तर परवान्यांचे सोपस्कार. महाराष्ट्रात फळं-भाज्या त्या कचाट्यातून सुटायला २०१६ उजाडलं, आणि तेव्हाही वाशीच्या व्यापाऱ्यांनी बंद पाळलाच.

वोल्गाकाठ

धागा वाचून राहवलं नाही. मी तेव्हा मॉस्कोत शिकत होतो. ३१ जानेवारी १९९०, पुश्किन चौक. आमच्या वसतिगृहातून चार जण गेलो. हाडं गोठवणारी थंडी आणि रांग चौकाला वळसा घालून. त्या एका दिवसात तीस हजारांच्या आसपास माणसं आत जाऊन खाऊन आली.

तिथे रांग नवीन नव्हती. सोव्हिएत माणूस आधी रांगेत उभा राहायचा आणि मग पुढे काय मिळतंय ते विचारायचा. नवीन हे होतं की रांगेच्या शेवटी खरंच काहीतरी होतं, आणि ते देणारी मुलगी हसत होती. माझ्या पुढच्या आजी घाबरल्या. त्यांना वाटलं आपल्याला हसतेय.

बिग मॅक पावणेचार रुबल. आमच्या विद्यार्थीवेतनात फार चैन करण्यासारखं नव्हतं. पण रुबलमध्ये होतं, हे महत्त्वाचं. तोपर्यंत चांगला परदेशी माल मिळायचा तो डॉलरच्या दुकानात, आणि तिथे साध्या रशियनाला काही घेता यायचं नाही. यांनी ठरवून रुबल घेतले. रुबल देशाबाहेर कवडीमोलाचा. म्हणजे कमावलेला पैसा घरी नेता येणार नाही हे ठाऊक असून आले.

शीतगृह म्हणतात तेच तिथे दहापट. ज्या कॅनडावाल्यानं हे घडवलं, जॉर्ज कोहोन, तो १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या मागे होता. चौदा वर्षं. तिथे बाजारात विकत घेण्यासारखं काही नव्हतंच. सरकारी शेतातला बटाटा लहान आणि मातकट, त्याच्या लांब फोडी होत नाहीत. म्हणून शहराबाहेर सोल्न्त्सेव्होला स्वतःचा अवाढव्य कारखाना घातला. पाव तिथे, मांस तिथे, दूध तिथे, बटाट्याचं वाणसुद्धा बाहेरून आणून लावलं. दुकान एक आणि मागे अख्खं गाव. नंतर हळूहळू बाहेरचे पुरवठादार तयार झाले तशी एकेक कामं त्यांच्याकडे दिली.

आणि शेवट? मार्च २०२२ मध्ये जवळपास सगळी दुकानं बंद. सायबेरियातल्या त्यांच्याच एका परवानाधारकानं, गोवोरनं, ती घेतली आणि १२ जूनला नव्या पाटीनं उघडली. "व्कूस्नो इ तोच्का". आपल्या भाषेत "चवदार आणि बास, विषय संपला". पान तेच, पाव तोच, माणसं तीच. बत्तीस वर्षांत मागचं गाव रशियन झालेलं, त्यामुळे पुढची पाटी काढली तरी भट्टी विझली नाही.

निशिगंधा७

काका, काय लिहिलंय! ती आजी डोळ्यांपुढे उभी राहिली. यावर वेगळा धागा काढा ना.

साधी_मिसळ

"चवदार आणि बास." आमच्या कोपऱ्यावरच्या वडेवाल्यानं ही पाटी आधीच लावायला हवी होती.

बांधावरून

सगळे साखळी साखळी करताय, साखळीच्या या टोकाला कोण आहे ते कोणी बोलेना. मी नारायणगावजवळचा, टोमॅटोवाला. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या साखळी दुकानाचं माल गोळा करायचं केंद्र आमच्या भागात निघालं. आम्ही खूश. अडत नाही, तोलाई नाही, हमाली नाही, पैसे खात्यात.

पैसे खात्यात यायचे, ते खोटं बोलणार नाही. पण माल घ्यायचे किती? शंभर क्रेट तोडले तर त्यांना तीस हवे. एकसारखा आकार, एकसारखा रंग, देठ असा, डाग नको. उरलेले सत्तर मी कुठे नेऊ? नारायणगावच्या बाजारातच. आणि तिथला व्यापारी शहाणा. क्रेटमध्ये हात घातला की त्याला कळतं वरचा चांगला माल आधीच निवडून गेलाय. मग सत्तरांचा भाव पाडतो. हिशेब केला तर हातात पडले तेवढेच. कधी कधी कमी.

बाजारात अडत्या लुटतो हे खरं. पण अडत्या सगळा माल घेतो, बारका, फुटका, पिवळा. आणि पोरीच्या लग्नाला उचल देतो. त्या केंद्रातल्या टाय घातलेल्या पोराकडे उचल मागून बघा.

शीतगृह

@बांधावरून दादा, प्रामाणिक लिहिलंत. पण एक सांगतो, तळेगाव-बारामतीकडे ज्यांनी सुरुवातीला हे केलं त्यांना बियाण्यापासून माणूस शेतात पाठवून शिकवलं गेलं. निवडून तीस क्रेट उचलायचे आणि निघायचे, असं नव्हतं. फरक कंपनीच्या वृत्तीचा आहे.

बांधावरून

वृत्तीचा नाही साहेब, जिनसाचा. तुम्हीच वर म्हणालात. ज्याला एकच पान हवंय तो पान पिकवणाऱ्याला सांभाळतो, कारण तो गेला तर याचं दुकान बंद. ज्याच्या दुकानात हजार वस्तू आहेत त्याचा माझ्या टोमॅटोवाचून एक दिवस काही अडत नाही. फळी रिकामी राहिली तर तिथे काकडी लावेल.

शीतगृह

निरुत्तर. माझाच दाखला माझ्यावर.

हॅम्बुर्गवासी

बर्गरच्या मूळ गावातून नमस्कार. :) वॉलमार्ट भारतात अडकलं ते कायद्यामुळे म्हणता, पण जर्मनीत तर दार सताड उघडं होतं. १९९७ मध्ये वेर्टकाउफची दुकानं घेतली, पुढच्या वर्षी इंटरश्पारची. नऊ वर्षांत गाशा गुंडाळला.

मी नंतर आले, पण इथले जुने शेजारी अजून किस्से सांगतात. दारात हसून स्वागत करायला माणूस उभा, आणि गिऱ्हाइकाचं सामान पिशवीत भरून द्यायला दुसरा. जर्मन माणसाला वाटायचं हा अनोळखी माझ्या सामानाला का हात लावतोय? वोल्गाकाठ काकांच्या आजींसारखंच, पण इथे कौतुक कोणी केलं नाही. भावाचं म्हणाल तर आल्डी हे इथलं स्वस्त दुकान आधीच तळाला बसलेलं. त्याच्याखाली जायला तोटा खाऊन दूध-साखर विकली, तर २००० मध्ये स्पर्धा खात्यानं तेही थांबवलं.

खरी गंमत पुढे. २००६ मध्ये ही दुकानं घेतली कोणी? मेट्रोनं. भांडुपच्या वाण्यांच्या कार्डावरची तीच ती. इकडे पाहुण्याला घालवणारी तिकडून स्वतः पाहुणी म्हणून परतली.

फोडणीची_पोळी

करावे तसे भरावे, घाऊक भावात.

मस्कतकर

आमच्याकडे जानेवारी २०२५ मध्ये एका सकाळी कारफूरच्या पाट्या उतरल्या आणि हायपरमॅक्सच्या चढल्या. रात्री अर्धवट यादी घेऊन गेलो होतो, सकाळी उरलेलं सामान दुसऱ्या नावाच्या दुकानातून आणलं. ट्रॉली तीच, मासळीच्या काउंटरवरचा मल्याळी चेट्टनही तोच.

कारण आखातात कारफूर कधी "आलंच" नव्हतं. १९९५ पासून दुबईचा माजिद अल फुतैम समूह ते नाव भाड्यानं वापरतो. जागा त्यांची, बहुतेक पैसा त्यांचा, माणसं त्यांची. तेव्हा कोण आलं आणि कोण गेलं हे ठरवताना आधी पाटीमागे कोण ते बघा. नवीन देशात शिरायचे हे एवढे मार्ग: स्वतःच्या पैशानं जा, स्थानिकाशी निम्मी भागीदारी करा, नाहीतर नुसतं नाव भाड्यानं द्या. मॅकडोनाल्ड्सनंही भारतात स्थानिक भागीदारच धरले ना? उत्तरेला बक्षी, पश्चिमेला जटिया.

आणि आखातात खरा राजा म्हणाल तर लुलू. केरळच्या माणसाचं. आपण इथे परके दुकानदार आले-गेले करत बसलोय, इथल्या अरबांच्या दृष्टीनं तो परका दुकानदार आपणच.

कायद्याचं_बोला

@मस्कतकर, मुद्दा लाखाचा. मीही एक जोडतो. "गेला म्हणजे हरला" हेही तपासायला हवं. टेस्कोनं १९९८ मध्ये, थायलंड आर्थिक गर्तेत असताना, तिथल्या सीपी समूहाकडून लोटस दुकानांचा मोठा वाटा घेतला. बावीस वर्षं चालवून २०२० मध्ये परत सीपीलाच विकला, मलेशियातल्या दुकानांसकट हजार कोटी डॉलरच्या वर किमतीला. मंदीत घेतलं, चढ्या भावात दिलं. याला हार म्हणणार?

वॉलमार्टचंही तेच. पुढच्या दारानं येऊ दिलं नाही म्हणून २०१८ मध्ये फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा घेतला, १,६०० कोटी डॉलर देऊन. संभाजीनगर आणि अमरावतीला त्यांची जी बेस्ट प्राइस घाऊक दुकानं होती तीही २०२० मध्ये फ्लिपकार्टच्याच गळ्यात बांधली. ते गेले कुठे? तुमच्या फोनमध्ये आहेत.

निशिगंधा७

तुम्ही सगळे कोटींत बोलताय, मी घरच्या यादीपुरतं बोलते. आमच्या आईनं वर्षानुवर्षं मुंबई ग्राहक पंचायतीतून सामान भरलं. महिन्याची यादी आधी द्यायची, एका घरी सगळा माल उतरायचा, आणि आम्ही पोरं वजनकाटा घेऊन डाळी वाटून द्यायचो. दुकान नाही, जाहिरात नाही, हसून स्वागत तर नाहीच, उलट उशिरा आलं की जोशीकाकू ओरडायच्या. १९७५ पासून चाललंय हे. बाहेरच्या कंपनीनं मुंबईचा अभ्यास केला असेल तर त्यांच्या कागदावर हे कुठल्या रकान्यात बसलं असेल?

आणि डीमार्ट विसरलात सगळे. २००२ मध्ये पवईला सुरू झालं. परदेशी कंपन्या अटी वाचत बसल्या तेवढ्यात त्याच्या मालकांनी, दमाणींनी, जागा विकत घेऊन घेऊन दुकानं काढली. भाडं नाही, झगमगाट नाही, पुरवठादाराला लवकर पैसे, म्हणून माल स्वस्त. किराणावाल्याला खरा धक्का फ्रेंचांनी दिला नाही, दमाणींनी दिला.

भांडुपचा_वाणी

निशिगंधाताई, दुखऱ्या नसेवर हात ठेवलात. आमचं साबण-तेल-साखरेचं गिऱ्हाईक डीमार्टनंच नेलं. उरलं ते "पाव किलो रवा पाठव" वालं.

रिकामटेकडा_९

मॅकडोनाल्ड्सचा तो गोमांसाचा वाद विसरलात का? तेव्हा ठाण्यात फोडाफोडी झाली होती.

शीतगृह

विसरीन कसा? २००१. अमेरिकेतल्या फ्राइजच्या चवीसाठी गोमांसाचा अर्क वापरतात हे तिथे उघड झालं आणि दगड इथे पडले. इथल्या फ्राइजमध्ये तो नव्हताच. गाय आणि डुक्कर दोन्ही पहिल्यापासून वर्ज्य, शाकाहारी स्वयंपाकाची जागा वेगळी, अंडं नसलेलं मेयोनीज. हे सगळं आधीपासून होतं म्हणून दाखवता आलं. नाहीतर त्याच महिन्यात गाशा गुंडाळावा लागला असता. त्याआधी बेंगळुरूत केएफसीचं काय झालं आठवा: १९९५ ला दुकान निघालं, जानेवारी १९९६ मध्ये रयत संघ या शेतकरी संघटनेच्या लोकांनी फोडलं.

साधी_मिसळ

मूळ प्रश्न काय होता? मी रवा आणायला निघालो होतो.

भांडुपचा_वाणी

मूळ प्रश्नावर येतो. काल रात्री बाबांना हा अख्खा धागा वाचून दाखवला. मॉस्कोच्या आजींवर ते बराच वेळ हसले. टोमॅटोवाल्या दादांचं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "तू माझं वाक्य चुकीचं समजलास."

मी म्हटलं, तुम्हीच म्हणालात ना की त्यांना गिऱ्हाइकाला उधारी देता येत नव्हती?

"गिऱ्हाइकाला कुठे म्हणालो? मला."

मग जे सांगितलं ते त्यांच्या शब्दांत जमेल तसं लिहितो:

"मी त्यांचं गिऱ्हाईक. त्या धंद्याचं नावच कॅश अँड कॅरी. रोख दे आणि उचलून ने. मी दुकान बंद करून जायचं, टेंपोचं भाडं द्यायचं, नगद मोजायचं आणि पेटी घरी आणायची. इकडे साबणाच्या कंपनीचा एजन्सीवाला पोरगा दर मंगळवारी माझ्या दुकानात येतो. फळीकडे बघून तोच सांगतो काय संपलंय. माल दारात टाकतो, पैसे पुढच्या मंगळवारी. त्या सात दिवसांत निम्मा माल विकलेला असतो, म्हणजे माझं दुकान त्याच्या पैशावर चालतं आणि सोसायटीची वही माझ्यावर. मी रोख देऊन माल आणला तर पाटलांना महिनाभर उधार कुठून देऊ? म्हणून मेट्रोत जायचो ते ऑफर असेल तेव्हा. दिवाळीला तेलाचे डबे, परीक्षेच्या आधी वह्या. आम्ही त्यांचं गिऱ्हाईक नव्हतोच कधी, त्यांच्या ऑफरचं होतो."

शीतगृह

यात सगळं आलं. मी थंड गाडीत माल बघत राहिलो, पैशाचं चाक बघितलंच नाही.

वोल्गाकाठ

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्या रुबलच्या मुद्द्याचं हेच दुसरं टोक आहे. आपला पैसा किती दिवस दुसऱ्याच्या घरी अडकवून ठेवायची तयारी आहे, तेवढंच.

कायद्याचं_बोला

पटलं, पण नोंद असू द्या: या उत्तरानं मेट्रोचं कोडं सुटतं, कारफूरचं नाही. कारफूरचा प्रश्न कायद्याचाच. मी माझ्या जागेवरून हललेलो नाही.

फोडणीची_पोळी

तुम्ही हललात तर धागा बंद पडेल. बसा तसेच.

बांधावरून

वाणीबुवा, रिलायन्सवाल्यांचं आता काय? माल दारात आणून देतात का?

भांडुपचा_वाणी

फोनवर ऑर्डर टाका म्हणून मुलं येऊन गेली. दोन-चार दुकानदार मागवतातही. बाबांनी विचारलं, "पैसे कधी?" त्यावर तो फोन उघडून काहीतरी दाखवायला लागला, तेव्हा बाबा म्हणाले मंगळवारी ये, मंगळवारी माझा हिशेबाचा दिवस असतो. तो अजून आलेला नाही.

आणि हो, वरचे पाटील खरे पाटील नाहीत, नाव बदललंय. पण बाबा विचारतायत, इथे आमच्या सोसायटीतलं कोणी वाचत असेल तर त्याला कळलं असेलच.

साधी_मिसळ

वाचतोय. रव्याचे या महिन्यात लिहून ठेवा, काका.